नानांची तळोज्याची सहल

सहल म्हटली की लोक महाबळेश्वरला जातात. आमचे नाना आम्हाला केमिकल कंपन्यांच्या मागे न्यायचे. नावड्यातली आमची बिल्डिंग मूळ त्यांच्याच जागेवर उभी. त्यामुळे राहायचे तळमजल्यावर, पण हुकूम सगळ्या सोसायटीवर. "वैनी, उद्या सुटी हाय ना? चला, फिरून येऊ." नाही म्हणायची सोय नव्हती.

आणि काय एकेक प्रेक्षणीय स्थळं! तुर्भ्याला ट्रकांच्या रांगेमागचं एक डबकं दाखवून म्हणाले, "माज्या मामाचं तलं. इथं आमी पोवायला शिकलो." मी नाकाला रुमाल लावून म्हटलं, "आणि अजून जिवंत आहात, कमाल आहे!" आमच्या ह्यांनी मोबाइल काढला खरा, पण फोटो नेमका कशाचा घ्यायचा ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

बाकीच्यांनी शहाण्यासारखी कारणं शोधली. कुणाचे गुडघे दुखले, कुणाकडे पाहुणे आले. मी पडले भिडस्त.

मग एका चैत्रात त्यांनी मला तळोज्याच्या एका कंपनीत नेलं. आत दोन टाक्यांच्या मधे शेंदूर फासलेला दगड. नानांच्या जुन्या गावाची देवी. गाव उठलं, कंपनी आली, ही बाई मात्र जागची हलली नाही. वर्षातून एक दिवस गाववाल्यांना आत सोडत. नानांनी पिशवीतून खण, नारळ, तांदूळ काढून माझ्यापुढे धरले. ओटी बाईनंच भरायची. आणि नानी गेल्यापासून ती कुणी भरलीच नव्हती. सुनांचं तिथल्या वासानं डोकं चढायचं म्हणे.

"अहो नाना, मी साताऱ्याची! माझा काय संबंध?"

"देवीला आधारकार्ड लागत नाय, वैनी." मग त्या दगडाकडे बघत म्हणाले, "माज्या मागं कोन येनार इथं?"

म्हणजे हा म्हातारा इतके दिवस सहलीच्या नावाखाली माणूस शोधत होता! असा संताप आला. तणतणतच ओटी भरली, आणि भरताना डोळे का भरून आले कोण जाणे.

नाना गेल्या वर्षी गेले. यंदा चैत्रात कुणी काही बोलेना, तेव्हा मीच खण-नारळ घेऊन रिक्षा केली. गेटवर नवा वॉचमन. "मॅडम, फक्त गाववाले. तुम्ही कोण?"

"नानांची मोठी सून," मी म्हटलं, आणि पदर खोचून आत गेले.