रडक्या तोंडावर बोट

पुण्याहून आलेल्या कार्डावर पाच तोंडं होती. पिवळी, वाटोळी, प्लॅस्टिकमध्ये पक्की बसवलेली. पहिलं दात काढून हसणारं, दुसरं गालात हसणारं, तिसऱ्याच्या तोंडाची नुसती आडवी रेघ, चौथं वाकडं आणि पाचवं डोळ्यांतून टिपं गाळणारं. प्रश्न वाचायचा, कार्ड पुढं धरायचं, समोरच्या बाईनं एका तोंडावर बोट ठेवायचं आणि प्रतिभानं तेच तोंड टॅबवर दाबायचं. काम एवढंच.

प्रतिभाचं माहेर डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडच्या डोंगरातल्या वाडीतलं, सासर शिनोलीचं. नवरा सुनील भीमाशंकरच्या रस्त्यावर पंक्चर काढतो. घोडेगावच्या कॉलेजातून तिनं बाहेरून बी.ए. केलं आणि तेव्हापासून कुणाची ना कुणाची पाहणी ती करत आली. कधी चुलींची, कधी शौचालयांची, कधी मच्छीमारांच्या जाळ्यांची. डिंभ्याच्या वरच्या वाड्यांमध्ये तिला सगळे सर्वेवाली म्हणायचे. त्यात थोडं कौतुक असायचं आणि बरीचशी चेष्टा. ती पायवाट चढून आली की भाताच्या खाचरातून कुणीतरी ओरडायचंच, "आली गं सर्वेवाली! आता काय मोजती, आमच्या उवा?"

या खेपेची पाहणी एका संस्थेची होती. संस्थेकडं एक जीप आली होती, आजाऱ्यांना आणि बाळंतिणींना दवाखान्यात न्यायला. जीप एकच. ती डिंभ्याच्या वरच्या वाड्यांना द्यायची की जुन्नरकडं डिंगोऱ्याच्या बाजूला, हे पाहणीवरून ठरणार होतं. जिथं लोक जास्त नाराज, तिथं गाडी. हे प्रतिभाला ठाऊक होतं, पण सांगायची बंदी होती. "गाडीचं कळलं तर लोक मुद्दाम वाईट सांगतील," असं प्रशिक्षणात संस्थेच्या वैजयंती मॅडम म्हणाल्या होत्या. पर्याय समजावून सांगायचे नाहीत, आठवण करून द्यायची नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. जे बोट पडेल ते दाबायचं.

वाड्यांमधून आजही आजारी माणूस डोलीतून उतरतो. डोली म्हणजे बांबूला बांधलेली घोंगडी. चौघं खांदे देतात, पाचवा पुढं वाट दाखवत चालतो. प्रतिभाला पहिल्या बाळंतपणाला अशीच उतरवली होती, माहेरहून, श्रावणात. अर्ध्या उतारावर, हिरड्याच्या झाडाखाली घोंगडी खाली टेकावी लागली. मूल झालं. रडलं नाही. याहून जास्त ती कधी सांगत नाही.

तर अशा बाईला चेहऱ्यावर काही दाखवायचं नव्हतं.

भिमाबाईच्या ओट्यावर ती पोचली तेव्हा तिन्हीसांज होत आली होती. भिमाबाई तिची चुलती. सून शीला आत भाकरी थापत होती, सातवा महिना लागलेला. शेजारची गोजरबाई, जिच्या घरात आता ती आणि तिची शेळी एवढीच वस्ती, काठी टेकत येऊन बसली. कार्ड बघताच दोघींच्या थट्टेला ऊत आला.

"आगं, ह्यो तर आपला बहिरू," रेघेच्या तोंडावर बोट ठेवून गोजरबाई म्हणाली. "सासरवाडीहून आला की असंच तोंड असतं."

"माझ्या ल्योकाला नावं ठेवू नगा, आत्या. त्याची बायको आत ऐकतीया."

"ऐकू दे की. तिलाच तर कळंल."

आतून शीलाच्या हसण्याचा आवाज आला. प्रतिभानं घसा साफ करून प्रश्न वाचला. "आजारपणात किंवा बाळंतपणात दवाखान्यात पोचण्याच्या सोयीबद्दल आपण किती समाधानी आहात?"

"सोय?" भिमाबाई म्हणाली. "कसली सोय? मागल्या आखाडात तुझ्या काकाला उतरवलं तवा खांदा देणाऱ्या चिमाजीचा पाय मुरगाळला. डोली पडता पडता वाचली. तुला काय ठावं न्हाई व्हय?"

"मला ठाऊक आहे, काकी. तुमी बोट ठेवा."

भिमाबाईचं बोट कार्डावर आलं. हसऱ्या तोंडांवरून, रेघेवरून, वाकड्यावरून पुढं सरकलं आणि पाचव्याच्या अलीकडं थबकलं. तिनं हात मागं घेतला.

"ह्ये रडतंय."

"हं."

"तिन्हीसांजेला रडक्या तोंडावर बोट ठिवू? पोटुशी बाई हाय माझ्या घरात." तिनं आवाज उतरवला. "वाकडं बी नगं. चेहरा वाकडा म्हंजी कसं व्हायचं पोराचं?"

"काकी, हे नुसतं चित्र आहे."

"मग हसऱ्या चित्रावर ठेवते. तुझं काय जातंय?" आणि तिनं गालात हसणाऱ्या तोंडावर बोट ठेवलं, वर ते बोट कपाळाला लावलं.

टॅबवर पाच तोंडांखेरीज काही नव्हतं. 'सांगायचं नाही' असा पर्याय नव्हता, प्रश्न सोडून पुढं जायची सोय नव्हती. प्रतिभानं दाबलं. भिमाबाई समाधानी.

पुढच्या घरीही तेच, वरच्या वाडीतही तेच. कुणाची लेक बाळंतपणाला आलेली, कुणाच्या सुनेला दिवस गेलेले, कुणाचा नवस चालू, कुणाकडं पाळणा नुकताच हललेला. आपल्या हातानं आपल्या घरावर रडं कोण ओढून घेणार? तोंडानं त्या सगळं सांगत होत्या, डोलीचं, निसरड्या उताराचं, वाटेतच गेलेल्या माणसांचं. झालेलं बोलायला त्यांना भीती नव्हती. पण बोट ठेवणं म्हणजे झालेलं सांगणं नव्हतं, ते मागणं होतं. आणि टॅबला तोंडानं सांगितलेलं कळत नव्हतं.

प्रतिभानं दुसऱ्याच दिवशी वैजयंती मॅडमना फोन लावला. मॅडम वाईट बाई नव्हत्या. नीट ऐकून घ्यायच्या, कधी आवाज चढवायच्या नाहीत.

"हे चेहरे सगळीकडं वापरतात गं, प्रतिभा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठीच केलेत."

"मॅडम, त्यांना चेहरा वाचता येतो. म्हणून तर त्या हात लावत नाहीत."

"तू शेऱ्यात लिही ना तसं. आम्ही नोंद घेऊ."

तिनं लिहिलं, प्रत्येक घराच्या खाली लिहिलं. शेरे कुणी वाचले असतील तर तिच्या कानावर आलं नाही.

दिवाळी झाल्यावर शाळेच्या वर्गात सभा भरली. वैजयंती मॅडमनी भिंतीवर चित्र पाडलं. वाड्यांच्या नावापुढं हसऱ्या तोंडांची लांबच लांब रांग, रडक्याची जागा रिकामी. वरच्या वाड्यांमधली जवळजवळ सगळी घरं समाधानी निघाली होती. डिंगोऱ्याच्या बाजूला मात्र निम्म्याहून जास्त लोकांना अडचण होती. म्हणून गाडी तिकडं द्यायचं ठरलं होतं.

"कंची गाडी?" मागून बाळासाहेबनं विचारलं. तो वाड्यांचा ग्रामपंचायत सदस्य.

मॅडमनी सांगितलं. सगळ्या माना प्रतिभाकडं वळल्या.

"वा रं वा!" बाळासाहेब उठला. "माहेरची पोर म्हणून आमी दारात बसवली, च्या पाजला, आन् तू आमाला समाधानी करून आलीस? टॅब तुझ्याच हातात व्हता ना? कुणी दाबलं?"

"मीच दाबलं."

"आन् गाडीचं ठावं व्हतं तुला?"

"होतं."

"मंग तोंड शिवलं व्हतं का तुझं?"

तिचे कान तापले. बाळासाहेबचं चुकत नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. ती मॅडमकडं वळली. "डिंगोऱ्यात कुठलं कार्ड दिलं होतं?"

"तिथं कार्ड नव्हतं. तिथले लोक वाचू शकतात, तिथं साधा प्रश्न होता. दवाखान्यात पोचायला अडचण येते का? हो किंवा नाही."

प्रतिभाला आधी ते नीट कळलंच नाही. मग कळलं. डिंगोऱ्यानं खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनाही अडचण असेल, नव्हे, असणारच. पण त्यांना 'हो' म्हणायला जागा ठेवली होती, आणि इथल्या बायकांना त्याच जागेवर टिपं गाळणारं तोंड ठेवलं होतं. दोन वेगळे प्रश्न, दोन वेगळी मापं, आणि भिंतीवर एकाच चित्रात शेजारी शेजारी.

"मग आमाला पण तेच विचारा!" ती जवळजवळ ओरडली. "आत्ता विचारा. समोर बसलेत सगळे. अडचण येते का, हो का नाही?"

"हो!" वर्ग दणाणला. गोजरबाईनं तर काठीच आपटली.

"हे असं सभेत विचारून चालत नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "सगळे एकमेकांचं बघून बोलतात. आणि खरं सांगू का, मला अजून कळत नाही, एका चित्राला एवढं काय घाबरायचं? हे बघा." त्यांनी कार्ड उचललं आणि पाचव्या तोंडावर सरळ बोट टेकवलं. "काय झालं मला? काही झालं का?"

"अगं माझे बाय!" भिमाबाई धडपडत उठली. तिनं मॅडमचा हात कार्डावरून ओढला, दोन्ही हातांनी मॅडमच्या तोंडावरून ओवाळलं आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "लेकुरवाळी हायस ना गं? काय ह्ये करून बसलीस! आगं कुणीतरी मीठ-मव्हऱ्या आणा, उतरून टाकू."

मॅडमना दोन मुलं होती. शाळेच्या पोषण आहाराच्या डब्यातून मीठ आलं, मोहरी आली, आणि ज्या बायकांची गाडी त्या काढून न्यायला आल्या होत्या त्याच बायकांनी त्यांची दृष्ट काढली. प्रतिभा भिंतीला टेकून बघत राहिली. तिला रडूही येत नव्हतं, इतका राग आला होता.

मॅडम बाहेर जाऊन बराच वेळ फोनवर बोलल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "मी वरती सांगितलंय. गाडी लगेच जाणार नाही. वाड्यांची पाहणी पुन्हा होईल."

"डिंगोऱ्याच्या प्रश्नावर?"

"नाही. आधीच्या आकड्यांशी ताडून बघता यावं म्हणून कार्ड तेच ठेवायचं असं साहेब म्हणतात." त्यांनी नजर चुकवली. "पण या वेळी तू लोकांना गाडीचं सांगू शकतेस. तेवढं मी मागून घेतलं."

तेवढ्यावर प्रतिभानं टॅब पुन्हा हातात घेतला. भात झोडणीचे दिवस होते. खळ्याखळ्यावर जाऊन ती सांगत सुटली, बायांनो, गाडी पाहिजे असंल तर या खेपेला मन घट्ट करा. बायका ऐकायच्या, मान डोलवायच्या. मग कार्ड पुढं आलं की भरल्या खळ्यावर, लक्ष्मीसमोर, कुणाचंच बोट पुढं सरकेना. फार तर आडव्या रेघेपर्यंत यायचं. टॅबच्या हिशेबात रेघही समाधानीच होती.

"तेवढं सोडून काय बी सांग," भिमाबाई म्हणाली. शीलाचे दिवस भरत आले होते. "गाडी न्हाई मिळाली तर डोली हाय. चार खांदे हायत. पण ह्ये माझ्याच्यानं व्हणार न्हाई, पोरी. आन् तू तरी सांगावंस का मला?"

हिरड्याखालची जागा दोघींनाही माहीत होती.

शेवटचं घर गोजरबाईचं. ती दारातच शेळीला पाला घालत बसली होती. तिनं सगळं ऐकलेलं होतं.

"आण हिकडं ते रडकं," ती म्हणाली. "माझ्या घरात ना पोटुशी, ना पाळणा. माझं काय व्हायचं ऱ्हायलंय आता?" तिनं वाकडं झालेलं बोट पाचव्या तोंडावर ठेवलं आणि दाबून धरलं. "ह्ये भिमाचं. आता शीलाचं. आता वरल्या वाडीच्या पारूचं. तू दाबत ऱ्हा गं, मी नावं घेते. समद्यांचं माझ्यावर घाल."

प्रतिभानं दाबलं. टॅबवर हिरवी खूण उमटली आणि पाटी आली, कुटुंबाची नोंद पूर्ण झाली, धन्यवाद. तिनं पुन्हा दाबून पाहिलं. पाटी हलली नाही.

"आजी, ते एका घराला एकच घेतं."

"एकच?"

"एकच."

"आन् मी ठेवलंय की बोट अजून," गोजरबाई म्हणाली. "वाडीतल्या समद्यांच्या नावानं ठेवलंय. त्याला दिसंना व्हय?"

मार्गशीर्षात गाडी डिंगोऱ्याच्या बाजूला गेली. शीलाला चौघांनी डोलीतून उतरवलं, खाली सडकेला पिकअप मिळाली, सगळं नीट झालं, मुलगी झाली. नव्या अहवालात वरच्या वाड्यांमधलं असमाधानी घर एकच होतं. त्याच्यापुढं कंसात लिहिलं होतं, वृद्ध, एकटी.

प्रतिभानं तो अहवाल सुनीलच्या दुकानात उभ्यानं वाचला आणि वैजयंती मॅडमना फोन केला. पुढच्या पाहणीसाठी त्यांना तीच हवी होती, तिच्याइतकं कुणी फिरत नाही, म्हणत होत्या.

"मॅडम," ती म्हणाली, "वाडीतल्या एकट्या म्हातारीनं सगळ्यांचं रडं आपल्या अंगावर घेतलं, आणि तुमच्या साहेबांना ती म्हातारी आहे एवढंच दिसलं. टॅब घेऊन जायला माणूस पाठवा. मी आणून देणार नाही."