साउंडवाल्या मामांच्या मुलाखती

साउंडवाले मामा डूख धरायचे, आणि तो कधी शिळा होऊ द्यायचे नाहीत. मी त्यांची भाची. दारव्ह्यात आम्ही दोघं सभा-समारंभांना माइक आणि भोंगे लावायचो. माझाही स्वभाव तसलाच, म्हणून आमचं जमलं.

घाटंजीला एका मोठ्या शास्त्रज्ञाचं बोंडअळीवर भाषण होतं. शेवटी सगळेच प्रश्न विचारत होते, म्हणून मामांनीही विचारला, "साहेब, अळीले झोप लागते काय?" साहेबांनी त्यांच्या हातून माइक ओढून घेतला. "विषय सोडून बोलू नका. तुम्ही आपल्या वायरी सांभाळा!" अख्खा मांडव खदखदून हसला. "माह्याच माइकवर मले चूप केलं," परतताना मामा एवढंच बोलले. मला तर त्या माणसाच्या कानशिलात वाजवावीशी वाटत होती.

त्या दिवसापासून कोणीही विद्वान आला, की भाषणानंतर मामा माइक घेऊन त्याच्यासमोर बसत आणि त्याच्या विषयाबाहेरचंच विचारत. मी मोबाइलवर टिपून घ्यायची. ग्रहताऱ्यांच्या प्राध्यापकांना पापड वाळवण्याबद्दल विचारलं, राजूरला आलेल्या भूगर्भवाल्यांना सासूच्या घोरण्याबद्दल. तत्त्वज्ञानाच्या एक बाई तर भरताचं वांगं कसं निवडावं यावर अर्धा तास बोलल्या. "पाठ केलेलं सारेच बोलतेत. मले माणूस आयकाचा हाय," मामा म्हणत. लोकांना गंमत वाटे. मामा वाट पाहत होते ती त्या एकाची, हे फक्त मला ठाऊक होतं.

गेल्या हिवाळ्यात ते बोंडअळीवाले साहेब दारव्ह्याला आले. मामा इस्त्रीचा सदरा घालून समोर बसले. "साहेब, लहानपणी पयली चोरी कायची केली?"

साहेब आधी लाजले, मग खुलले. त्यांनी शेजारच्या काकूंचा पितळी अडकित्ता पळवला होता. "आठवडाभर घास उतरेना हो. शेवटी परत ठेवायला गेलो, तर काकू दारातच! मला म्हणाल्या..."

मामांनी माइक ओढून घेतला. "विषय सोडून बोलू नका, साहेब!"

काय हशा पिकला! साहेब लालबुंद होऊन गाडीत जाऊन बसले. खोटं कशाला बोलू, मला अस्सा आनंद झाला!

घरी मामांनी ताट तसंच सरकवलं. "काहून मामा, झालं ना मनासारखं?"

"झालं. पण ते काकू काय म्हणाली असन वं?"

खटपट करून त्यांनी साहेबांचा नंबर मिळवला. महिनाभर लावला, कोणी उचलला नाही. उन्हाळ्यात मामा दवाखान्यात पडले, डॉक्टरांनी आशा सोडली. तेव्हाही म्हणाले, "एकडाव तू लावून पाह्य."

माझ्या मोबाइलवरून लावला. साहेबांनी उचलला, मी कोण ते ऐकलं आणि ठेवून दिला.

मी मामांना सांगितलं, "काकू म्हणाल्या, असू दे बाळा, तूच ठेव."

"चांगली बाई होती," मामा म्हणाले आणि समाधानानं डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी ते गेले. साहेबांना मी सोडणार नाही.