द्यायला आई लागते

मी तापट आहे. राग हिच्या नाकावर बसलेला असतो, असं आमची आई येईल त्याला सांगायची. तरीही नगरातल्या त्या अनाथ बालकांच्या संस्थेत मला नोकरी मिळाली, कारण व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा झालेली आणि खेड्यापाड्यांत एकटी हिंडायला तयार असलेली दुसरी बाई त्यांना सापडली नाही. लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नसे. सर्व्हिसच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या, चढ आला की धापा टाकायच्या, आणि ड्रायव्हर आम्हां सगळ्यांना खाली उतरवायचा. पुरुष गाडी ढकलायचे, आम्ही बायका मागून चालायचो.

माझं काम सांगायला सोपं होतं. संस्थेच्या दारात कुणीतरी ठेवून गेलेली तान्ही मुलं पाळण्याच्या खोलीत टिकत नसत. खोली स्वच्छ होती, बाटल्या उकळलेल्या असायच्या, डॉक्टर येऊन जायचे, आणि तरी पोरं सुकत जायची. मग कमिटीतल्या कुणाच्या तरी मनात आलं, की अंगावर दूध असलेल्या खेड्यातल्या बायकांकडे ती ठेवून पाहावीत. दरमहा संस्था त्या घराला काही देणार, आणि मी फिरून पाहणार: कुठलं मूल कुठं बाळसं धरतं, कुठं हाल होतात, खेड्यातली वाढतात की खोलीतली. मी ताणकाटा बरोबर न्यायची, फडक्याची झोळी करून पोर त्याला टांगायची. बायका घाबरायच्या. पोराला टांगून वजन करणारी बाई आली म्हणून शेजारणी गोळा व्हायच्या.

सुप्याच्या अलीकडे, सडकेपासून आत, कोरडवाहू जमिनीवरचं एक घर होतं. त्या घरातल्या बाईला मी मनातल्या मनात 'सुप्याकडची' म्हणायची, इथंही तेच म्हणते. तिचं पहिलं बाळ बारशाच्या आतच गेलं होतं आणि दूध आटत नव्हतं. तिच्याकडे आमचा एक मुलगा दिला. दिला तेव्हा तो इतका हडकुळा होता की मीच मनात म्हटलं, हा काही पुढच्या महिन्यात दिसत नाही. पुढच्या महिन्यात गेले तर हे पोर तिच्या मांडीवर पडून माझ्याकडे रागानं बघत होतं. पोराला राग यायला लागला की ते जगतं, हे मला तोवर कळून चुकलं होतं.

नियम असा, की दूध सुटलं की मूल परत आणायचं. मी आणलं नाही. त्याला खोकला आहे, हाडं कच्ची आहेत, नगरची हवा सोसणार नाही, असं दर खेपेला काहीतरी मी कमिटीत सांगत राहिले आणि मुलगा तिथंच वाढला. शेळ्यांच्या मागं हिंडायचा. तिला 'आये' म्हणायचा, तिच्या नवऱ्याला 'दादा'. तिला पुढं मूल झालंच नाही.

तो पाच-सहा वर्षांचा झाला तेव्हा चिटणिसांनी ऐकायचं सोडलं. हे चिटणीस वकील होते, संस्थेचं काम फुकट करायचे, आणि ते फुकट करतात हे आम्हांला विसरू द्यायचे नाहीत. मुलाला शाळेत घालायचं, परत आणा, म्हणाले. मी सुप्याकडचीला निरोप सांगितला. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "मग आमीच घेतो की त्याला. रीतसर. दत्तक."

दुसऱ्याच आठवड्यात नवऱ्याला घेऊन ती नगरला आली. धुतलेलं लुगडं, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. वकीलसाहेबांनी त्यांना बसायला सांगितलं, पण ती दोघं उभीच राहिली. साहेब अगदी गोड बोलले, ते नेहमीच साखरेत घोळून बोलायचे. शास्त्रात आणि कायद्यात दत्तक म्हणजे देणं आणि घेणं, असं त्यांनी समजावलं. बापानं द्यायचं, नाहीतर आईनं द्यायचं. तिसऱ्या कुणाला देता येत नाही, संस्थेलासुद्धा नाही. या मुलाला ना बाप ना आई. मग देणार कोण? आणि देणाराच नसेल तर घेणार कसं?

"म्हंजी अनाथाला कुनाचं हुता येत न्हाई?" तिनं विचारलं.

"कायदाच तसा आहे बाई," साहेब म्हणाले.

कायदा खरंच तसा होता, साहेब खोटं बोलले नव्हते. ज्याला आईबाप आहेत त्यालाच दुसरे आईबाप मिळू शकत होते. मी हे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण कुणावर ओरडायचं? नवरा 'बरं साहेब' म्हणाला आणि दोघं निघून गेली. मी कमिटीत भांडून आणखी एका पावसाळ्याची मुदत घेतली.

त्याच मुदतीत प्रवरेच्या पाटाखालचे एक बागाईतदार संस्थेत आले. ऊस, गुऱ्हाळ, चिरेबंदी घर, आणि मूल नाही. भाऊबंद जमिनीवर डोळा ठेवून बसलेले. त्यांना मुलगा हवा होता आणि दत्तकविधान असं पक्कं हवं होतं की पुढं कोर्टात भाऊबंदांना बोट शिरकवायला जागा राहू नये. पाळण्याच्या खोलीतली पोरं त्यांनी पाहिली, नाक मुरडलं. मग वकीलसाहेबांनी त्यांना सुप्याकडे नेलं. मुलगा शेळीला कानाला धरून ओढत होता. बागाईतदारांच्या बायकोनं त्याला हाक मारली, तर तो आला, तिच्या बांगड्या मोजल्यासारखं करून हसला, आणि ती तिथंच बसली. तिचा दोष नव्हता. मूल पाहून ज्याचे हात पुढं होतात त्याचा कसला दोष?

देणारं कोण, हा प्रश्न साहेबांनी चुटकीसरशी सोडवला. सुप्याकडची आणि तिचा नवरा देतील. गावात सगळे त्याला त्यांचाच मुलगा समजतात. बाळ गेलं ते बारशाच्या आत, लांबच्या माहेरी. पाठोपाठ हा आला. त्यांची आणि बागाईतदारांची रोटीबेटी होऊ शकेल अशी घरं. ती दोघं जन्मदाते म्हणून उभी राहिली की झालं, शास्त्रही तृप्त आणि कोर्टही.

हा निरोप घेऊन मी जाणार नाही, असं मी सांगितलं. तेव्हा साहेब स्वतः गेले. मी तरीही बरोबर गेले, कारण तिला एकटीला त्यांच्या तोंडी द्यायचं माझ्या जिवावर आलं. साहेब ओसरीवर नवऱ्याशी बोलले. मुलगा काही केलं तरी तुमच्याकडे राहणार नाही, म्हणाले. पावसाळा संपला की संस्थेत येईल, मोठा झाला की सुतारकामाला लावू. नाहीतर हे बागाईत आहे, शाळा आहे, दूधदुभतं आहे. पोराचं भलं कशात आहे ते तुम्हीच ठरवा. नवरा वाईट माणूस नव्हता. त्या वर्षी विहिरीनं तळ दाखवला होता आणि तो त्या पोराला अतोनात जीव लावायचा. त्यानं जमिनीकडे बघत होकाराची मान हलवली.

ती दाराआड उभी होती. आतूनच म्हणाली, "साहेब, मला घ्यायचं हुतं तवा देनारं कुनी न्हवतं. आता त्यास्नी घ्यायचंय तर मी आई निघाले व्हय?"

साहेब उठून चपला शोधायला लागले. नवरा म्हणाला, "तू गप बस. पोराच्या नशिबात मोडता घालू नगं."

कार्य बागाईतदारांच्या घरी झालं. दारात मांडव, केळीचे खुंट, जेवणाला सगळं गाव. पोराला नवा सदरा, जरीची टोपी. त्याला सांगितलं होतं की गुऱ्हाळ बघायला जायचंय, आणि गूळ खाऊन त्याचं तोंड चिकट झालं होतं. भाऊबंद एका अंगाला बसले होते, कुठं काही चुकतंय का ते बघत. शास्त्रीबुवा बाहेरगावचे, म्हातारे, सरळ मनाचे. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

भाऊबंदांपैकी एकानं भर मांडवात विचारलं, "पोर कुणाचं, ते आईच्या तोंडून ऐकू द्या."

ती उठून उभी राहिली. पदर मागं सारला. "माझं हाय," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"पोटचं?"

"पोटचं."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं ते घोकून म्हटलं नव्हतं. इतकी वर्षं तिला कुणी हे विचारलंच नव्हतं, आणि आता भर मांडवात, शास्त्रीबुवांसमोर, ती ते म्हणू शकत होती. साहेबांचा चेहरा खुलला. विचारणारा भाऊबंद खाली बसला.

शास्त्रीबुवांनी मुलाला नवऱ्याच्या मांडीवर बसवलं, शेजारी तिला बसवलं, आणि मराठीत समजावून विचारलं, "हा पुत्र तुम्ही यांना देता ना?"

"न्हाई," ती म्हणाली.

ती तशीच बसून, अगदी साध्या आवाजात पुढं म्हणाली, "माझा हाय, हे समद्यांनी ऐकलं न्हवं? मग मी देत न्हाई."

काय आनंद झाला मला. खोटं कशाला सांगू, मांडवातून उठून तिला कवटाळावं असं वाटलं. साहेबांनी स्वतःच्या हातानं तिला आई केलं होतं आणि आता त्यांना तोंड उघडून सांगता येईना की ही आई नव्हेच. बागाईतदारीण बाई पदरात तोंड लपवून रडायला लागली. मुलगा एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागला.

शास्त्रीबुवांनी तिच्याकडे दयेनं पाहिलं. आईची माया आहे, असं व्हायचंच, म्हणाले. मग नवऱ्याकडे वळले आणि शांतपणे सांगितलं की बाप हयात असताना दान बापाचं. आईची संमती असली तर उत्तम, नसली तरी दान अडत नाही. तुमचं काय म्हणणं?

नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं नाही. मांडीवरच्या पोराच्या टोपीवरून हात फिरवला. "दिला," तो म्हणाला, आणि हातावरचं पाणी सोडलं.

द्यायला म्हणून आई पाहिजे होती. तिनं नाही म्हटलं, तर आईवाचून चाललं. मी आजवर खूप माणसांवर चिडले आहे, पण ज्याच्यावर चिडायचं ते माणूस त्या मांडवात मला सापडलं नाही, हे अजून सलतं.

मुलाला उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवलं. तो रडला नाही. "आये, तू बी हितंच ऱ्हा," म्हणाला. देणाऱ्या आईचा मान म्हणून तिला लुगडं-चोळी दिली. तिनं ते भिरकावलं वगैरे नाही. कापड मिळत नव्हतं त्या दिवसांत. पुढं ते लुगडं तिच्या अंगावर मी पाहिलं.

कमिटीत साहेबांनी हे प्रकरण संस्थेचं मोठं यश म्हणून सांगितलं. मी उठून बोलले, नको तेवढं बोलले. ते म्हणाले, "पोराचं कल्याण झालं की नाही, तेवढं सांगा." एकदा मी त्या घरी जाऊन आले होते. मुलगा अंगानं भरला होता, पाटीवर अक्षरं काढत होता, बागाईतदारीण बाई त्याला दृष्ट लागेल म्हणून माझ्यासमोर फार वेळ ठेवीना. तो सुखात होता. माझ्याकडे बघून त्यानं कुणाचीही चौकशी केली नाही.

त्यानंतर सुप्याकडे जायला माझा पाय निघेना. शेवटी तिचाच निरोप आला, बाईंना येऊन जायला सांगा. गेले. नवरा मला पाहून शेताकडे निघून गेला. ती म्हणाली, "बाई, एखादं लेकरू असंल तर आना. आता दूध न्हाई, पर शेळी हाय." मी काही बोलायच्या आत तिनं हात वर केला. "मुलगी आना. मुलगी दत्तक कोन घेत न्हाई न्हवं?"

"नाही घेत," मी म्हटलं. "कायद्यात नाही."

"मग मुलगीच आना."

वर्षाची एक मुलगी मी तिच्या हाती दिली. तीही जगली. ती बोलायला लागल्यावर एकदा गेले, तर मुलगी तिला 'मावशे' म्हणून हाक मारत होती. मी हसून म्हटलं, "अगं, आता कशाला मावशी? हिला कोण नेतंय?"

ती धान्य पाखडत होती. "कायदा आज हाय तसा उद्या ऱ्हातोय व्हय?" ती म्हणाली. "वकील लोक हायती ते. कुनाला पायजे झाली की काढतील वाट. तवा पयलं हिची आई हुडकीत येतील. ती घावलीच न्हाई म्हंजी झालं."

मुलगी अंगणात धावत होती. उंबऱ्याला ठेचकाळून पडली, गुडघा फुटला, आणि मोठ्यानं रडत 'आये, आये' करत तिच्याकडे आली. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. हिनं सूप टाकलं, तिला उचलून घट्ट धरलं, पदरानं रक्त पुसलं. आणि मग तिच्या कानाशी लागून, हळू, समजुतीच्या आवाजात म्हणाली, "आये न्हाई गं. मावशी. मावशी म्हन." मुलगी हुंदके देत राहिली. ती म्हणेपर्यंत हिनं तिला खाली ठेवलं नाही.