कासवाचं विरजण

आमच्याकडे विहीर खणली की तिच्यात एक कासव सोडायची पद्धत आहे. का, म्हणून कोणी विचारत नाही. कासव पाणी स्वच्छ ठेवतं, असं सगळे म्हणत आले, म्हणून मीही म्हणत आलो. आणि मी तर शाळेत विज्ञान शिकवायचो, चांगली तीस वर्षं! त्यामुळे मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि जाताना आपलं कासव, त्याची काचेची टाकी आणि "बाबा, पाणी बदलत जा हां" एवढी एकच सूचना माझ्या पदरात टाकून गेली, तेव्हा मला मनातल्या मनात हसू आलं. ज्या प्राण्याला आपण पाणी साफ ठेवायला विहिरीत सोडतो, त्याचं पाणी मी बदलू? उद्या धोब्याचे कपडेही मीच धुवायचे काय?

पंधरा दिवसांत टाकीतलं पाणी कुळथाच्या सारासारखं झालं. तीन आठवड्यांनी वास सुटला. कासव लाल कानाचं, परदेशी जातीचं. मुलीनं आणलं तेव्हा आमटीच्या वाटीएवढं होतं, आता नाश्त्याच्या बशीएवढं झालेलं. खाणं दणदणीत, आणि त्यानंतरचं कामही तसंच.

"वास येतोय," बायको म्हणाली.

"तू सुकट भाजतेस तेव्हा नाही येत?"

"तो सुकटीचा वास असतो. ह्याला काय म्हणायचं ते तुम्ही सांगा, सायन्सचे सर!" मग तिनं पदर खोचला. ती पदर खोचते तेव्हा मी खुर्चीत सरळ बसतो. "अहो, आपला गणपती ह्याच खोलीत बसतो. तोपर्यंत वास गेला तर ठीक. नाहीतर दादा येईल गणपतीला, तोच घेऊन जाईल ह्याला बादलीतून. त्याच्या विहिरीतलं कासव मागेच गेलंय."

दादा म्हणजे माझा मेहुणा, संगमेश्वरच्या बाजूला राहतो. त्याची विहीर मी पाहिलेली आहे. खोल, काळोखी, वर बघितलं तर रुपयाएवढं आभाळ. शिवाय हे परदेशी कासव एकदा बाहेर सुटलं की बेडूक, मासे, जे दिसेल ते फस्त करतं, हे मी बायकोला सांगितलं. मुलीला काय तोंड दाखवू, हेही सांगितलं. तिसरं कारण मात्र सांगितलं नाही. सकाळी मी पेपर घेऊन खोलीत शिरलो की ते कासव टाकीच्या त्या टोकापासून पाण्यात हातपाय मारत काचेपाशी यायचं आणि मान ताणून नुसता कल्ला करायचं. मी निवृत्त झाल्यावर मला बघून एवढा आनंद होणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

मुलीनं फोनवर सुचवलं, "बाबा, कॅनिस्टर फिल्टर घ्या." घेतला! कुरिअरवाला खोकं घेऊन आला तेव्हा मी फाटकापर्यंत धावत गेलो, एका पायात चप्पल, एक पाय रिकामा. आत प्रेशर कुकरच्या थोरल्या भावासारखा एक डबा. झाकणावर मोटर, झाकणाला दोन पाइप, आत एकावर एक तीन टोपल्या. टाकीतलं घाण पाणी एका पाइपनं खाली डब्यात उतरणार, टोपल्यांतून गाळून निघणार आणि मोटर ते दुसऱ्या पाइपनं पुन्हा वर टाकीत सोडणार. पहिल्या टोपलीत जाड स्पंज, दुसरीत कापसाची गादी आणि तिसरीत भाजलेल्या मातीच्या नळ्या, भोकंच भोकं! मी ओरडलोच, "अगं, हा तर आपला जांभा! परदेशातून जांभा विकत आणलाय मी!"

"अंगणात फुकट पडलाय की," आतून आवाज आला.

टाकी आम्ही चिऱ्यांवर फळी टाकून ठेवली होती. तिच्या पायथ्याशी डबा मांडला, पाइप जोडले. सोबत माहितीपुस्तक होतं. ते मी डबा डुगडुगू नये म्हणून त्याच्याखाली घातलं. पुस्तक कशाला हवं? वक्रनलिका ह्या विषयावर माझा हात धरणारं अख्ख्या तालुक्यात कोणी नाही. पाणी एकदा पाइपात ओढून घेतलं की पुढे आपोआप वाहतं, हे मी पोरांच्या किती पिढ्यांना फळ्यावर काढून दाखवलंय. म्हणून पाइपाचं टोक तोंडात धरलं आणि ओढलं.

आपोआप वाहतं, हे शंभर टक्के खरं आहे. तोंड वेळेवर बाजूला घ्यायचं असतं, हे तेवढं पाठ्यपुस्तकात नव्हतं.

मी अंगणात जाऊन थुंकत होतो तेव्हा गडग्यापलीकडून शेजाऱ्यांनी विचारलं, "काय मास्तर, काय पिताय?" शेजारी वीस वर्षं कुवेतला पाण्याच्या पंपांवर होते. आता घरी असतात आणि कुठल्याही मोटरचा आवाज आला की त्यांचे कान टवकारतात. मी काही बोलायच्या आत बायकोनं माझ्या हातात मिठाच्या पाण्याचा तांब्या ठेवला आणि शेजाऱ्यांना सगळं सांगून टाकलं. ते गडग्याला धरून हसले. मग आलेच आत.

त्यांनी बटण दाबलं. मोटर सुरू झाली, पण पाणी कसं, तर तान्ह्या बाळाची धार! पाइप बघितले, ठीक. मोटर बघितली, ठीक. मग त्यांनी झाकण उघडून टोपल्या बाहेर काढल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरांकडे मी कसं बघत असेन ते मला पहिल्यांदा कळलं. मातीच्या नळ्या, कापूस, सगळं जसं आलं तसं प्लास्टिकच्या पिशव्यांत, पिशव्यांची तोंडंसुद्धा बंद.

"मास्तर, पुडी फोडल्याशिवाय चहा होतो काय?"

पुड्या फोडल्या. पुन्हा बटण. आणि काय सांगू! डबा आधी गुरगुरला, पाइपातून बुडबुडे गेले, आणि मग टाकीत असा जोरकस झोत पडला की कासव दोन वीत मागे ढकललं गेलं. क्षणभर भांबावलं, आणि मग वळून त्या झोतावरच चालून गेलं! ढकललं जायचं, पुन्हा यायचं. शेजारी टाळ्या वाजवत होते, मी वाजवत होतो. मी लगेच व्हिडिओ काढून मुलीला पाठवला. तिचं उत्तर आलं, "बाबा, कॅमेरा उलटा आहे. सगळा वेळ तुमचाच चेहरा दिसतोय."

महिना-दीड महिन्यात पाणी असं झालं की टाकीपलीकडच्या कॅलेंडरवरची तिथी वाचता यायची. वास गेला. बायको काही बोलली नाही. आमच्या घरात हेच प्रशस्तिपत्रक. श्रावणात घरात सुकट बंद, तर शेजाऱ्यांच्या घरून गडग्यावरून कासवासाठी पुडी यायची, आणि ती घ्यायला मी पोचायच्या आधी बायको पोचायची. "तो मेला उपाशी राहील," म्हणायची. पाणी बदलताना निघालेलं घाण पाणीही ती वाया जाऊ देत नसे. मागच्या दारी एका अर्ध्या पिंपात साठवून अळवाला घालायची. अळवाची पानं सुपाएवढी झाली होती.

इथं थांबलो असतो तर मी शहाणा ठरलो असतो.

गणपती पाच दिवसांवर आला. घरात आवराआवर, समयांना चिंच, माळ्यावरचे डबे खाली. मला वाटलं, सगळं घर लख्ख होतंय, तर माझा फिल्टर का मागे राहावा? उघडला. आत सगळीकडे तपकिरी बुळबुळीत चिकटा. शी! मी दोन तास मोरीत बसलो. स्पंज साबणानं चोळले, नळ्या ब्रशनं घासल्या, आणि शिवाय विहिरीत टाकायची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर होती, तिच्या पाण्यात सगळं बुडवून, खळखळून धुवून उन्हात वाळवलं. एक स्पंज कोपऱ्यात फाटलेला होता. तो धुवायच्या लायकीचाही वाटला नाही, म्हणून न धुताच मागच्या दारी भिरकावला आणि त्याच्या जागी नवा घातला. नळ्या मोत्यासारख्या चमकत होत्या! मी त्यांचाही फोटो मुलीला पाठवला. ह्या वेळी कॅमेरा सरळ होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेपर घेऊन गेलो तर टाकीत दूध. पांढरट, गढूळ, पलीकडची भिंतसुद्धा दिसेना. आणि वास परत आलेला. कासव दगडावर चढून बसलं होतं, डोळे अर्धे मिटलेले. मी काच वाजवली. ते आलं नाही.

एवढ्यात मेहुण्याचा फोन. कासव न्यायचं बायकोनं त्याला सांगून ठेवलेलं, मधे वास गेला ते कळवायचं राहूनच गेलं होतं. "भावोजी, उद्या पोचतो. बादली घेतलीय झाकणाची. झाकणाला भोकंपण पाडलीत."

शेजारी धावत आले, मोटर बघून म्हणाले, "मोटर एकदम फस्क्लास आहे मास्तर. हे माझ्या खात्यातलं नाय." मी काचेसमोर बसून राहिलो. बायको मोदकाच्या पिठीचे हात पुसत आली, टाकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काय केलंत?"

"काही नाही गं. उलट स्वच्छ धुतलं. आत इतका चिकटा होता..."

"कसला चिकटा?"

"तो? ते जीवाणू असतात," मी सवयीनं वर्गातल्या आवाजात सुरू झालो. "कासवाच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. तो विषारी. हे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट, आणि ते झाडांना..." आणि माझा आवाज आपोआप बंद झाला. नायट्रोजन चक्र! दरवर्षी नववीला, चार रंगांच्या खडूंनी!

"म्हणजे विरजणाचं भांडं घासूनपुसून पालथं घातलंत," बायको म्हणाली, "आणि आता दही का लागत नाही म्हणून बघत बसलाय."

मी मान डोलावली. ह्यापुढे माझ्याकडे अभ्यासक्रम नव्हता.

"विरजण कुठून आणायचं?" तिनं स्वतःलाच विचारलं, आणि एकदम मागच्या दाराकडे चालायला लागली. परत आली तेव्हा तिच्या हातात तो फाटका स्पंज होता, घाणेरडा, बुळबुळीत, पाणी ठिबकणारा. मी भिरकावल्यावर तिनं तो उचलून अळवाच्या पिंपात टाकला होता, त्यातली घाणही अळवाला मिळावी म्हणून. तीन दिवस तो कासवाच्याच पाण्यात मुरत होता! हीच बाई टाकीजवळून जाताना नाकाला पदर लावायची. तिनं तो स्वतःच्या हातानं टोपलीत दाबून बसवला.

"आता अर्धं पाणी बदला. हंड्यात कालपासून भरून ठेवलेलं आहे ते घाला, नळाचं नको, त्यात औषध असतं. त्याचं खाणं दोन दिवस बंद. आणि झाकण उघडून उघडून बघायचं नाही. दही लागताना भांडं हलवतात काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अर्धं पाणी बदललं. दुपारी दूध पातळ झाल्यासारखं वाटलं. वाटलं, की मलाच तसं हवं होतं? शेजाऱ्यांना बोलावलं. ते म्हणाले, "कॅलेंडर दिसतंय, तिथी नाय दिसत." तासाभरानं पुन्हा आले. "तिथी दिसते!" आम्ही दोघं म्हातारे टाकीपुढे उकिडवे बसून तिथी वाचत होतो, तेव्हा मेहुणा बादली घेऊन दारात उभा.

त्यानं बादली ठेवली, वाकला, नाक काचेवर नेलं आणि दोनदा हुंगलं.

"अगं, वास कुठाय? मला तर तळणीचाच येतोय."

तेवढ्यात दगडावरून धप्पकन आवाज झाला. कासवानं पाण्यात उडी घेतली होती. मेहुण्याकडे ढुंकूनही न बघता ते हातपाय मारत थेट माझ्यासमोरच्या काचेपाशी आलं, मान ताणली, आणि सुरू झाला कल्ला! मी मोठ्यांदा ओरडलो की काय आठवत नाही, पण बायको म्हणते, ओरडलात.

"दादा, बादली मात्र राहू दे इथं," बायको म्हणाली. "चांगली आहे. मला लागेल."

लागते. महिन्यातून एकदा ती त्या बादलीत टाकीतलंच पाणी काढून देते आणि मी त्यात एकच टोपली हलक्या हातानं हिंदकळून काढतो, दुसरी पुढच्या महिन्यात. ती शेजारी उभी असते. मोरीतला साबण मात्र त्या दिवशी आधीच उचलून कपाटात ठेवलेला असतो.