मोटेच्या चामड्याचा फुटबॉल

विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची मोट शिवावी तर वसमतच्या नासेर मोचीनंच! त्याच्या शिवणीतून थेंब गळायची बिशाद नव्हती. आई-बाप पटकीत गेले, तेव्हापासून धाकट्या जहांगीरला त्यानंच लहानाचं मोठं केलं. जहांगीर म्हणजे त्याचा जीव की प्राण.

अन् हा जहांगीर फुटबॉलचा वेडा! अनवाणी पायानं असा चेंडू उडवायचा, की बघणाऱ्याची मान दुखावी. निजामाच्या राजवटीतली गोष्ट. परभणीहून पोलिसांचा संघ खेळायला येणार, आणि ज्याचा पाय चांगला त्याला शिपाई म्हणून घेणार, अशी बातमी आली. नेमकं तेव्हाच गावच्या फुटबॉलचं कातडं फाटलं. आतला रबरी फुगा तेवढा शाबूत राहिला.

"मी हाय ना! माझ्या भावाच्या पायाला दुसऱ्याचं काम काहून?" नासेर म्हणाला.

त्यानं मोटेचं जाड चामडं काढलं, फुग्याचं माप घेऊन शिवलं. नवी मोट रातभर पाण्यात भिजवायची, वर तेल चोळायचं, म्हणजे ती तडकत नाही. जन्मभर हेच केलेलं, सामन्याच्या आदल्या रात्री बिचाऱ्यानं चेंडूलाही तेच केलं. मायेनं केलं हो! चेंडू पाणी पिऊन धोंडा झाला.

सामन्याला नासेर नवी टोपी घालून मैदानाच्या कडेला उभा. जहांगीरनं चेंडू उचलला, हातावर तोलला, एकवार भावाकडं बघितलं आणि खाली ठेवला. मग पळत येऊन सारा जीव पायात आणून लाथ घातली. चेंडू जरासा सरकला. जहांगीर किंचाळून खाली बसला.

घोटा मोडला तो मोडलाच. हाडवैद्यानं बांधला, तरी वाकडाच बसला. नोकरी दुसऱ्याला मिळाली.

घोटा का मोडला, ते नासेरला मागाहून मोटेवरूनच उमगलं. बैलाचा जोर तोच, पण रिकामी मोट भरकन वर येते अन् भरलेली रखडत येते. चेंडूचंही तसंच. पायानं दिलेला जोर हलका चेंडू घेऊन पळतो. जड चेंडू जागचा फारसा हलत नाही, आणि त्याचा दणका पायालाच सोसावा लागतो. हे आधी का सुचलं नाही, म्हणून तो कितीदा तरी कपाळ बडवून घ्यायचा. अरे, पण तेव्हा सुचावं ना!

पुढं निजामाचं राज्यही गेलं. लंगडा जहांगीर भावाशेजारी बसून मोटा शिवायला लागला होता. एका दुपारी नासेरला राहवलं नाही.

"चेंडू हातात घेतला, तवा जड लागला न्हाई का रे?"

"लागला की."

"मग मारलास काहून?"

जहांगीरनं दोरा ओढून घेतला.

"तुमी नवी टोपी घालून बघून राहिला होता, भाई. दुसरा चेंडू मागितला असता, तर चारचौघांत तुमचं तोंड एवढंसं झालं असतं."