लिदीपुढे थांबलेले सरदार

पाडव्याच्या शोभायात्रेत भाड्याच्या घोड्याने भर चौकात लीद टाकली, आणि मागून येणारे सगळे सरदार अंगरख्यांचे घेर वर उचलून जागच्या जागी थबकले. हे आमच्याच सोसायटीतले लोक. वर्षभर रविवारी जुनी चित्रं समोर ठेवून पोशाख शिवतात, तेही हाताने, कारण मशीनची शिलाई म्हणजे त्या काळाशी बेइमानी. अंगरख्याचे बंद डाव्या बाजूला बांधायचे की उजव्या, यावरून यांच्यात अबोला धरला जातो.

शेजारच्या वहिनी सरदारीण झाल्या होत्या. मी विचारलं, "वहिनी, मोतद्दाराचे कपडे कुणीच नाही शिवले? घोड्यामागे झाडायला कुणी हवं ना?"

"अहो भावजी, एवढं खपून शिवायचं आणि मोतद्दार व्हायचं?"

खरंच आहे. भूतकाळात शिरलं की माणसाला थेट गादीच दिसते. पाणी भरणाऱ्यांचे, भांडी घासणाऱ्यांचे, पालखीला खांदा देणाऱ्यांचे वंशज बहुधा दुसऱ्या सोसायटीत राहत असावेत.

तेवढ्यात तुतारी वाजली. नाकाला शेला लावून अख्खं साम्राज्य लिदीला वळसा घालून पुढे गेलं.