तीन नंबरच्या हँडलवरची टोपी

भूतबित, भानामती असलं काही कुणी सांगायला लागलं की मी हसणाऱ्यांपैकी. आमच्या धंद्यात लाल दिवा लागला नाही तर एक तर बल्ब गेलेला असतो, नाहीतर सोल्डर सुटलेलं असतं, तिसरं कारण नसतंच. असं मी छातीठोकपणे सांगायचो... आता सांगत नाही. का, ते वाचा आणि तुमचं तुम्ही ठरवा.

गोष्ट सत्तरच्या दशकातली, माझं लग्नही व्हायचं होतं. सांगलीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये आम्ही इलेक्ट्रॉनिक टायमर बनवायचो. फलटणकडच्या एका साखर कारखान्यानं आमचे टायमर घेतले आणि ते बसवून सेट करायला मालकांनी मला धाडलं. काम साखर वाळवणाऱ्या चार सेंट्रिफ्यूगल मशीनचं होतं. माणूस उभा मावेल एवढी जाळीची लोखंडी बास्केट गरागरा फिरते, मळी बाहेर उडते आणि साखर आत राहते. मग बास्केट थांबते, साखर खाली पाडतात, पुन्हा फिरते. किती वेळ फिरायचं आणि किती वेळ थांबायचं, हे ठरवायचा माझा टायमर. थांबली की लाल दिवा, फिरायला लागली की हिरवा.

ऐन गळीत हंगाम होता, मशीन बंद ठेवायचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे सगळं सेटिंग चालू मशीनवर. एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हातात बारीक स्क्रूड्रायव्हर, आणि टायमरमधला वेळ ठरवणारा प्रीसेट केसभर इकडे, केसभर तिकडे. त्यात एक भीती होती आणि ती पहिल्याच दिवशी कळली. बास्केट थांबली की दत्तोबा नावाचा ऑपरेटर कमरेपर्यंत आत वाकून चिकटलेली साखर खरवडायचा. मी थांबण्याचा वेळ जरा कमी ठेवला, तर हा माणूस आतच चिंधड्या होणार!

आत वाकण्याआधी दत्तोबा डोक्यावरची टोपी काढून स्टार्टच्या हँडलवर अडकवायचा. हा तिथला जुना रिवाज. हँडलवर टोपी म्हणजे आत माणूस आहे, हँडलला कुणी हात लावायचा नाही. आणि टोपी काढायची ती ज्याची त्यानंच.

"दत्तोबा, आता हँडलनं काही सुरू होत नाही," मी त्याला समजावलं. "मशीन टायमर सुरू करतो. त्याला तुमची टोपी दिसत नाही."

"दुसऱ्यांचं म्हाईत न्हाई," तो शांतपणे म्हणाला. "तीन लंबरला दिसती, सायेब."

मी हसलो. पण तीन नंबर मला सतावत होतंच. एक, दोन आणि चार घड्याळासारखी लागली होती. तीनचं थांबणं मधेच लांबायचं, लाल दिवा जाता जात नसे. कपॅसिटर बदलला. शेवटी एक नंबरचं अख्खं सर्किट तिनात घातलं आणि तिनाचं एकात. एक नंबर ठाकठीक, तीन पुन्हा लांबलं! मग चिडून मी लक्ष ठेवलं. दत्तोबाची टोपी हँडलवर असेतो लाल. टोपी उचलली की ठक्... हिरवा. मी माझा रुमाल अडकवून पाहिला, काही फरक नाही. दत्तोबाची टोपी मागून घेतली आणि अडकवली. आत चिटपाखरूही नव्हतं, तरी दिवा लालच राहिला.

"आमचा जोडीदार नामा ग्येला हितंच, ह्याच तीन लंबरात," दत्तोबा खालच्या आवाजात म्हणाला. "तवा हँडल व्हतं. साखरेच्या पोत्याची पूजा व्हती. आरतीला बोडकं कसं उभारायचं, म्हून कुनीतरी हँडलवरची टोपी उचलून डोक्यावर घातली. दुसऱ्यानं बघितलं, टोपी न्हाई. दिलं हँडल दाबून... आत नामा व्हता."

मला तिथून पळून जावंसं वाटलं, अगदी खरं सांगतो. पण फोरमन मागे लागला होता. तीन नंबर इतरांसारखं करा, लाखाव्या पोत्याच्या पूजेला चेअरमन येणार आहेत म्हणून.

पूजा दुपारी, शेडच्या दुसऱ्या टोकाला मांडली होती. मशीन चालूच होती. आरती सुरू झाली, घंटा, टाळ्या आणि त्यात मशीनचा आवाज. मी एक नंबरच्या पॅनेलपाशी होतो. आरती चुकू नये म्हणून दत्तोबा घाईघाईनं तिनात वाकला होता. मी सहज मान वर करून तीन नंबरकडे पाहिलं. हँडल मोकळं होतं! स्टोअर्समधला नवीन लागलेला कारकून दत्तोबाची टोपी डोक्यावर ठीकठाक करत आरतीकडे निघाला होता. त्या बिचाऱ्याला काय माहीत? बोडक्यानं कसं उभं राहायचं, एवढंच त्याच्या मनात.

ठक्. लाल गेला. हिरवा लागला.

मी ओरडलो, पण माझं मलाच ऐकू आलं नाही. धावत गेलो, दत्तोबाच्या कमरेला मिठी घातली आणि मागे ओढलं. दोघंही फरशीवर आपटलो. हिरवा दिवा तसाच जळत होता... आणि बास्केट जागची हलली नव्हती. मोटारचा हुंकारसुद्धा नाही.

दत्तोबाचं बोट वर गेलं. हँडलवर टोपी होती.

कारकून समोर दिसत होता, दत्तोबाची टोपी त्याच्या डोक्यावर, हात जोडलेले. ही दुसरीच होती. काळपट, मळीनं वाळून कडक झालेली. मी उठलो आणि ती काढायला हात पुढे केला. दत्तोबानं माझं मनगट असं आवळलं की दोन दिवस वळ होता.

"हात लावू नगा! टोपी हाय म्हंजी मानूस आत हाय."

मी आत पाहिलं. बास्केट रिकामी होती.

आरती संपली, कापूर फिरला. आम्ही दोघांनी तिकडे बघूनच हात जोडले आणि वळलो, तर हँडल मोकळं आणि तीन नंबर पूर्ण वेगात फिरत होतं. टोपी काढायची ती ज्याची त्यानंच... म्हणजे नामा बाहेर आला होता.

दुसऱ्या दिवशी दत्तोबानं टोपी अडकवली आणि बाहेरूनच लांब काठी आत धरली. वेळ होताच दिवा हिरवा झाला आणि काठीचे तुकडे उडाले. तीन नंबर आता इतरांसारखं झालं होतं. फोरमन खूश. मी मात्र त्याच दिवशी, कुणालाही न विचारता, चारही मशीनला हातानं पाडायचा मेन स्विच बसवला. दत्तोबाला शपथ घातली, तो पाडल्याशिवाय आत वाकायचं नाही म्हणून.

"सायेब, निघाला त्यो हितनं," निरोप घेताना दत्तोबा म्हणाला. "पन ग्येला कुटं?"

सांगलीला परतलो. वर्कशॉपमध्ये नवा टायमर टेबलावर चालू ठेवून सेट करत होतो. लाल, हिरवा, लाल... आणि लाल तसाच राहिला. प्रीसेट फिरवला, काही नाही. तेवढ्यात लक्ष गेलं. आमचे मालक जेवून आले होते आणि नेहमीसारखी टोपी शेजारच्या लोखंडी पकडीच्या, व्हाइसच्या दांड्याला अडकवून हात धूत होते.

"टोपी काढा," मी म्हणालो.

"का रे? तूच दे की काढून, तिथंच तर बसलायस."

"मी नाही. तुमची आहे... तुम्हीच काढा."

ते हसत आले आणि त्यांनी टोपी उचलली. ठक्. हिरवा.

सर्किट म्हणाल तर मी आजही डोळे मिटून काढून दाखवेन. एक ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर, एक रिले. टोपी कुठून बघणार त्यात? मला सापडलेलं नाही. चालू मशीनवर काम करायचं मी त्या महिन्यातच सोडलं. घरात खुंटीवर टोपी ठेवू देत नाही, आणि का ते बायकोला अजून सांगितलेलं नाही.